भिंतीवरचे दोन मेंदू

सरांच्या दिवाणखान्यात भिंतीवर दोन मेंदू टांगलेले होते. काचेच्या फ्रेममध्ये, शेजारी शेजारी, इतरांच्या घरी लग्नातला फोटो असतो त्या जागी. काळ्या पार्श्वभूमीवर लाल, हिरव्या, निळ्या धाग्यांचे गुंते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते विणकाम वाटे. वरची खोली भाड्याने बघायला मी गेले तेव्हा मलाही तसेच वाटले. सरांनी भाडे सांगितले नाही, नळाला पाणी कधी येते तेही सांगितले नाही. आधी चित्रांकडे बोट दाखवून विचारले, "यातला बिघडलेला कोणता, सांगा."

मी डावीकडचे दाखवले. त्यात निळ्या धाग्यांची एक जुडी मध्येच तुटल्यासारखी दिसत होती.

सर खूश झाले. स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "अगं, ऐकलं का? हिनंबी तुझाच दाखवला!"

काकू चहा घेऊन बाहेर आल्या. "सगळे माझाच दाखवतात," त्या म्हणाल्या. "खोली घ्या तुम्ही. यांना बायपोलर आहे, पण छत गळत नाही."

मी खोली घेतली.

सर एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवत. विषय पाण्याचा. पाइपातून, कालव्यातून, धरणाच्या दरवाज्यातून ते किती दाबाने आणि किती वेगाने वाहते, त्याचे गणित. कॉलेज शहराबाहेर होते. त्याचे नाव इथे देत नाही. जे घडले ते दुसऱ्या कुठल्याही कॉलेजात घडू शकले असते असे मला वाटते, आणि संताप त्याचाच अधिक येतो.

दर वर्षी नव्या वर्गात पहिल्या तासाला सर फळ्यावर विषयाचे नाव लिहीत आणि वळून सांगत, "मला बायपोलर हाय. कधी माझ्या धरणाचे समदे दरवाजे एकदम उघडत्यात, कधी मी मृतसाठ्यात जातो. गोळ्या चालू हायेत. मी लई फास्ट बोलायला लागलो तर हात वर करा, मी थांबतो. सूत्र चुकलं तरीबी हात वर करा. सूत्र चुकायला बायपोलर लागत नाय."

मुले हसत, पण हात वर करीत, आणि सर खरोखरच थांबत. खुर्चीवर बसून बाटलीतले पाणी पीत, खिडकीबाहेर बघत, मग सावकाश पुन्हा सुरू करीत. त्यांचे जुने विद्यार्थी मला नंतर भेटले. त्यातल्या एकाने सांगितले की दुसऱ्या कुठल्याही वर्गात शिक्षकाला थांबवायची हिंमत त्याला कधी झाली नाही. ती सवय सरांच्या तासाला लागली.

त्या बाटलीबद्दल सांगायला हवे. सर लिथियम घेत. हे औषध घेणाऱ्याला पाणी नेमाने प्यावे लागते, कारण शरीरातले पाणी घटले की औषध रक्तात साठत जाते. सरांनी आपल्या मोठ्या बाटलीवर रंगाने आडव्या रेघा ओढल्या होत्या, धरणाच्या भिंतीवर पाणीपातळीच्या असतात तशा. प्रत्येक रेघ म्हणजे दिवसातली एक वेळ. वेळ झाली की लग्न असो, मयत असो, संस्थेच्या सचिवांचे भाषण चालू असो, सर बाटली तोंडाला लावत. एका सत्काराच्या कार्यक्रमात सचिव राष्ट्रनिर्माणावर बोलत असताना पहिल्या रांगेतून घटाघटा आवाज आला. सचिव थांबले. सरांनी झाकण लावले आणि हाताने खूण केली: चालू द्या.

मराठवाड्यातल्या माणसाला मृतसाठा हा शब्द वर्तमानपत्रातून पाठ झालेला असतो. उन्हाळ्यात तो मथळ्यात येतो. एका बातमीत मीही तो वापरला होता, धरण संपले अशा अर्थाने. सकाळीच सर अंक हातात घेऊन जिना चढून वर आले.

"पत्रकार, मृतसाठा म्हंजे धरण रिकामं नसतं. पाणी असतं. दरवाज्याच्या खाली असतं. आपोआप भायेर येत नाय, एवढंच. पुन्हा लिहशील तर नीट लिही."

मग दाराला टेकून, तीच माहिती पुढे चालू ठेवल्यासारखे म्हणाले, "मागल्या थंडीत मी भिंतीकडं तोंड करून पडून व्हतो. जेवण नको, बोलणं नको. गल्लीतले म्हणले, सर संपले. मी व्हतो ना आत."

सरांचे दरवाजे एकदम उघडले त्या वेळची गोष्ट गल्लीने जपून ठेवली होती. समोर राहणारे भाऊसाहेब ती मला येता-जाता ऐकवत. भाऊसाहेब मूळचे वैजापूरचे, आयुष्यभर कापसाच्या व्यापारात, आता मुलाकडे राहायला आलेले. पूर्वी एकदा सरांना खूप दिवस बरे वाटले म्हणून त्यांनी गोळ्या स्वतःच बंद केल्या होत्या. थोड्याच दिवसांत त्यांनी ठरवले की शहराच्या जुन्या नहरीला, जमिनीखालून नुसत्या उताराने पाणी आणणाऱ्या कालव्याला, चारशे वर्षांपूर्वी मोटार लागली नाही, तर आपल्या गल्लीलाच का लागते. पहाटे कुदळ घेऊन त्यांनी रस्ता खणायला घेतला. गल्ली उठली तेव्हा चर भाऊसाहेबांच्या फाटकापर्यंत पोचला होता आणि गाडी आत अडकली होती.

"मी म्हणलं, सर, माझी गाडी! तर हे म्हणत्यात, गाडीचं काय घेऊन बसलात, भाऊसाहेब, नातवाला नहरीचं पाणी पाजतो." भाऊसाहेब इथे पोट धरून हसत. मात्र गोष्टीचा शेवट ते दर वेळी हळू आवाजात सांगत. "पुढं दवाखान्यातून आले आन् एकट्यानं चर बुजवला. दारोदार जाऊन माफी मागितली. लई बारीक आवाजात बोलत व्हते. ते बघवलं नाय बघा."

त्यानंतर सरांनी गोळी कधी चुकवली नाही. काकूंनी तसे सांगितले आणि मी त्या घरात राहिले तोवर माझ्याही पाहण्यात तसेच होते.

नळाला पाणी यायच्या दिवशी मात्र गोळ्या घेऊनही सरांना आवरणे अवघड असे. आमच्या भागात पाणी मध्ये बरेच दिवस टाकून येई, त्यामुळे त्या दिवशी सगळे घरी थांबत. लोक नळाला थेट मोटार जोडून पाणी ओढत, म्हणजे पुढच्या घरांना धार लहान. सर गल्लीतून फिरत आणि प्रत्येक घराच्या पाइपावर हाताची मागची बाजू टेकवत, ताप बघतात तसा.

"भाऊसाहेब, मोटार काढा."

"कसली मोटार, सर?"

"जी खाटंखाली गोधडीत गुंडाळलीय ती. पाइप थरथरतोय."

"सर, तुम्ही पाइपाचे डाक्टर हाय का हेर?"

"मोटार काढा."

भाऊसाहेब मोटार काढत. सर कोपऱ्यावर वळले की पुन्हा लावत.

सरांच्या मानसोपचारतज्ज्ञ शहरातल्याच एक डॉक्टर मॅडम होत्या. दुसऱ्या शहरातल्या एका संस्थेत बायपोलर असलेल्या माणसांच्या मेंदूचा अभ्यास चालू होता, त्याची माहिती त्यांनीच सरांना दिली. अभ्यासाला आजार असलेली माणसे हवी होती आणि तुलनेसाठी निरोगी माणसेही. सरांनी स्वतःचे नाव दिले आणि काकूंनाही तयार केले. काकू एका प्राथमिक शाळेत चौथीला शिकवत. सगळ्या तपासण्या होऊन त्यांना निरोगी गटात घेतले गेले तेव्हा त्यांनी तिथल्या संशोधकाला विचारले, "यांच्यासोबत इतकी वर्षं राहूनसुद्धा?"

अभ्यास मेंदूच्या पांढऱ्या भागाचा होता. करड्या भागात पेशी काम करतात असे ढोबळ मानाने म्हणता येते. पांढरा भाग म्हणजे त्या करड्या भागांना एकमेकांशी जोडणाऱ्या तंतूंच्या जुड्या. यंत्राला हे तंतू थेट दिसत नाहीत. मेंदूतल्या पाण्याचे कण कोणत्या दिशेने सरकतात ते यंत्र मोजते. तंतूच्या लांबीच्या दिशेने पाणी सहज सरकते, आडवे कमी सरकते. त्यावरून संगणक रंगीत धागे काढतो.

सरांना हे कळले तेव्हा ते खुर्चीवरून उठले होते, असे काकू सांगत. घरी आल्यावर ते येईल त्याला सांगत सुटले, "पाणीच मोजत्यात! जल्मभर मी पोरांना पाणी शिकवलं, आन् माझ्या डोक्यात बघायचं तर यांना पाणीच बघावं लागलं!"

अशा अभ्यासांत जे दिसले आहे ते थोडक्यात असे. बायपोलर असलेल्या पुष्कळ माणसांची निरोगी माणसांशी तुलना केली, तर मेंदूचे दोन अर्धे भाग जोडणाऱ्या जुड्या, आणि भावना उसळवणारा भाग व तिला आवर घालणारा भाग यांच्यामधल्या जुड्या, सरासरीने थोड्या कमी सुसूत्र आढळतात. सरासरीने. हा एक शब्द कुणी गाळला की सर चिडत. त्यांचे स्पष्टीकरण मी शब्दशः देते, कारण पुढे ते एका टेबलासमोर त्यांना पुन्हा द्यावे लागले.

"तिकडं धरणाचा नाथसागर भरलेला हाय आन् तुमची टाकी कोरडी. दोष पाण्याचा नाय, लाइनीचा. बरोबर? पण लाइन फुटलीय असंबी नाय. आपल्या भागातल्या समद्या घरांचा दाब मोजला आन् सरासरी कमी निघाली, म्हणून भाऊसाहेबांच्या नळाला दाब कमी असंलच का? त्यांच्याकडं तर जास्त हाय. मोटार हाय."

संस्थेने सहभागी झालेल्या प्रत्येकाला आठवण म्हणून त्याच्या मेंदूचे एक रंगीत चित्र दिले आणि बजावून सांगितले की या चित्रावरून कुणाचाही आजार ओळखता येत नाही. सरांनी दोन्ही चित्रांना फ्रेम केल्या. पाहुण्यांना विचारायचा तो प्रश्न तिथून सुरू झाला. बहुतेक जण डावीकडचेच दाखवत, काकूंचे.

पुढे एके दिवशी डावीकडचा खिळा मोकळा दिसला. मी विचारले तर सर म्हणाले, "कॉलेजात नेलं. लोक टेबलावर बायकोचा फोटो ठेवत्यात. मी मेंदू लावला. फोटोत ती उगाच हसती, यात खरी हाय."

कॉलेजात त्यांच्या केबिनमध्ये ते चित्र कुणाचे, हे कुणी विचारले नाही. बायपोलरवाले सर, मेंदूचे चित्र. सगळ्यांनी आपापले गणित मांडले.

त्या वर्षी मे महिन्यात गल्लीत टँकरचे पाणी आले आणि घरोघरी जुलाब-उलट्या सुरू झाल्या. सरांना सगळ्यात जास्त झाल्या. कॉलेजात परीक्षा चालू होत्या. सरांनी प्राचार्यांना फोन करून सुटी मागितली. मी तेव्हा समोर होते. प्राचार्यांचा आवाज बाहेर ऐकू येत होता: परीक्षेच्या ड्यूटीला सुटी नसते, गोळी घ्या आणि या. काकू म्हणाल्या, "जाऊ नका." सर म्हणाले, "नाय गेलो तर म्हणतील, बघा, याचं परत सुरू झालं." ते गेले.

पुढचे मी तिथल्या वॉचमनकडून आणि परीक्षेला बसलेल्या मुलांकडून ऐकले. दोन्हीकडचे म्हणणे जुळते. सरांचे हात थरथरत होते. उत्तरपत्रिका वाटताना गठ्ठा खाली पडला. ते काही बोलले, पण जीभ जड झाल्यामुळे शब्द कळले नाहीत. एका मुलीने सवयीने हात वर केला. सर तिच्याकडे बघत राहिले आणि मग भिंत धरून चालू लागले. प्राचार्य आले. त्यांनी सरांना व्हरांड्यात नेऊन बाकावर बसवले आणि त्यांची बाटली घेतली. झाकण काढून हुंगली. मग वॉचमनला दिली.

वॉचमनने वास घेतला. "पानीच है, साब."

"नीट बघ."

त्याने पुन्हा वास घेतला, तळहातावर थोडे ओतून चाखले. "पानीच है, और कुछ नै. सर को दवाखाने ले जाना पडेंगा, साब. इनकी तबीयत लई खराब है."

प्राचार्य म्हणाले, "आधी लेखी घ्यावं लागेल," आणि आत गेले. तेवढ्यात कुणीतरी मोबाइलवर चित्रीकरण करून घेतले होते. सर भिंत धरून चालताहेत, पाय वेडेवाकडे पडताहेत. त्यावर 'टल्ली गुरुजी' असे लिहून ते दुपारपर्यंत शहरभर फिरले. आमच्या कार्यालयातही आले. इतके लोक जमले होते, पण रिक्षा बोलावली ती वॉचमनने, आणि काकूंना फोनही त्यानेच केला.

रक्त तपासले तेव्हा लिथियमचे प्रमाण धोक्याच्या वर गेलेले होते. जुलाबांनी अंगातले पाणी गेले, औषध आत साठले, त्याचे ते विष झाले. हात थरथरणे, जीभ जड होणे, तोल जाणे, सगळी त्याचीच लक्षणे. आणखी उशीर झाला असता तर जिवावर बेतले असते, असे डॉक्टर मॅडम म्हणाल्या. सर बरे झाले. मॅडमनी स्पष्ट लिहून दिले: दारूचा संबंध नाही, आजार उसळल्याचाही संबंध नाही, शिकवण्यास पूर्णपणे योग्य.

एखाद्या साध्या माफीने हे प्रकरण इथे संपायला हवे होते.

त्याऐवजी सरांना चौकशीची नोटीस आली. पहिला आरोप दारू पिऊन परीक्षेच्या कामावर आल्याचा. दवाखान्याचे कागद दिल्यावर तो मागे घेतला गेला आणि दुसरा आला: मानसिक आजार लपवून ठेवला. जो माणूस दर वर्षी पहिल्या तासाला भर वर्गात आजार सांगत होता, त्याच्यावर लपवल्याचा आरोप. जुन्या मुलांनी तशी पत्रे पाठवली तेव्हा तोही मागे पडला. मग तिसरा: मेंदूतील दोषामुळे अध्यापनास अयोग्य. सोबत पुरावा म्हणून एका चित्राचा उल्लेख. सर रजेवर असताना त्यांच्या केबिनच्या भिंतीवरून ते काढून नेण्यात आले होते.

"वर्ग काढून घेत्यात माझा," सर म्हणाले. एवढेच. त्या दिवशी नळाला पाणी आले होते. ते गल्लीत फिरायला गेले नाहीत. भाऊसाहेबांनी खाटेखालची मोटार काढून फाटकाबाहेर, सरांच्या खिडकीतून दिसेल अशी आणून ठेवली. सर बाहेर आले नाहीत.

चौकशीला मदतनीस म्हणून एक माणूस नेता येत होता. सरांनी मला नेले. म्हणाले, "तू बोलू नको. तुला बोलता येत नाय, लिहिता येतं." साक्षीदार म्हणून डॉक्टर मॅडम आणि काकू.

संस्थेचे सभागृह. टेबलापलीकडे तिघे: संस्थेचे सचिव, प्राचार्य आणि वैद्यकीय तज्ज्ञ म्हणून बोलावलेले एक डॉक्टर. हे डॉक्टर सचिवांचे मेहुणे. त्यांची पदवी हाडांची. समोर काजू-बदामाची बशी.

"सर, तुमच्याबद्दल आमाला आदर हाय," सचिवांनी सुरुवात केली. "पण प्रश्न लेकरांच्या भवितव्याचा हाय. पालक फोन करायलेत. आमी काय सांगावं त्यांना?"

"सांगा की पाणी पीत व्हता," सर म्हणाले.

हाडांच्या डॉक्टरांनी फाइलमधून चित्र काढले. झेरॉक्ससाठी त्याची फ्रेम उतरवलेली होती. निळ्या धाग्यांच्या जुडीभोवती लाल पेन्सिलने ठसठशीत गोल काढलेला होता.

"हे पाहा. इथं तंतू तुटलेले स्वच्छ दिसतात. हा भाग म्हणजे माणसाचा ब्रेक. ब्रेक नसलेली गाडी आपण रस्त्यावर सोडतो का?"

सरांनी आधी नळाच्या दाबाचे आणि सरासरीचे सांगून पाहिले. भाऊसाहेबांच्या मोटारीसकट. सचिव घड्याळ बघत होते. मग डॉक्टर मॅडम बोलल्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "एकट्या माणसाचं असं चित्र बघून त्याला बायपोलर आहे की नाही हे कुणालाच सांगता येत नाही. मी यांच्यावर इतकी वर्षं उपचार करते. चार चित्रं नावं झाकून माझ्यापुढं ठेवा, मला यांचं ओळखता येणार नाही. आणि ओळखता आलं असतं तरी शिकवता येतं की नाही हे वर्गात बघायचं असतं, चित्रात नाही."

"तुम्हाला ओळखता येत नसेल, मॅडम," हाडांचे डॉक्टर म्हणाले. "मला तर दिसतंय."

सरांनी बाटली उचलली, रेघेपर्यंत पाणी प्यायले आणि झाकण लावले.

"डाक्टरसाहेब, नक्की हितंच बिघाड हाय ना?"

"नक्की."

"गोल तुमीच काढला?"

"मीच काढला."

"लिहून घे, पत्रकार."

मी लिहून घेतले. दारापाशी बसलेल्या काकू उठल्या. पर्समधून चष्मा काढून लावला, टेबलापाशी आल्या आणि चित्राच्या कोपऱ्यावर बोट ठेवले. फ्रेमच्या आतल्या पुठ्ठ्याखाली इतकी वर्षे झाकला गेलेला तो कोपरा आता उघडा होता. तिथे इंग्रजीत एफ हे अक्षर छापलेले होते, स्त्री या अर्थाचे, आणि पुढे वय. ते टेबलापलीकडच्या तिघांनाही वाचता आले असते. चित्र त्यांच्याकडे बरेच दिवस होते.

"हे माझं डोकं आहे," काकू म्हणाल्या. "यांचं घरी भिंतीवर आहे. मला तिथं निरोगी म्हणून घेतलं होतं. मी चौथीला शिकवते. माझी नोकरी कधी काढताय?"



या क्षणी कुणीतरी ओशाळेल असे मला वाटले होते. हाडांचे डॉक्टर म्हणाले, "मग दोघांचीही तपासणी व्हायला हवी." आणि प्राचार्य म्हणाले, "सर, हा गंभीर प्रकार आहे. दुसऱ्याचा मेंदू स्वतःच्या केबिनमध्ये लावून तुम्ही संस्थेची दिशाभूल केली."

"कुणी विचारलं नाय, साहेब," सर म्हणाले.

निकाल काही आठवड्यांनी आला. त्यात चित्राचा उल्लेख नव्हता, गोलाचा नव्हता, डॉक्टर मॅडमच्या प्रमाणपत्राचाही नव्हता. 'प्रकृतीचा विचार करता' सरांना अध्यापनातून मुक्त करून परिसरातील पाणी व्यवस्थापनाची जबाबदारी दिली होती. म्हणजे कॉलेजात येणारे टँकर मोजून घ्यायचे. मानसिक आजाराच्या कारणावरून माणसाला असे खाली उतरवायला कायद्याची मनाई आहे. सरांनी वकील केला, दावा लावला. तारखा पडत गेल्या. मुलांनी सह्यांचा अर्ज दिला, तो आवक खिडकीने घेतला नाही.

मुले मग टँकरपाशी जाऊ लागली. टाकीत पाणी उतरत असताना सर त्यांना तिथेच नळीचा व्यास, उंची, वेग समजावून सांगत. जमिनीवर ओल्या मातीत काडीने सूत्र लिहीत. कुणी हात वर केला की थांबत. महिन्याभरात फलकावर सूचना लागली: टँकरजवळ विद्यार्थ्यांनी गर्दी करू नये. सर निवृत्त झाले तेव्हा दावा चालूच होता. वर्ग त्यांना परत मिळाला नाही.

याबद्दल ते माझ्याशी एकदाच बोलले. जिन्यात बसले होते. म्हणाले, "मृतसाठा किती, ते पाणी ठरवत नाय, पत्रकार. दरवाजा किती उंचीवर बसवायचा हे ठरवणारा ठरवतो. पाणी हाय तितकंच हाय. यांनी दरवाजा वर नेऊन बसवला."

काकूंनी मात्र चित्राचा पिच्छा सोडला नाही. माझ्या मेंदूचे चित्र आपल्या ताब्यात आहे ते परत मिळावे, असे त्या कॉलेजात जाऊन पुन्हा पुन्हा सांगत. क्लार्क आधी हसे. नंतर तोंड चुकवू लागला. शेवटी एक दिवस वॉचमनच्या हाती खाकी पाकिटातून ते घरी आले. लाल गोल तसाच होता. खोडायचा प्रयत्नही कुणी केला नव्हता. काकूंनी त्याला पुन्हा फ्रेम केली. कोपरा पुठ्ठ्याखाली गेला, चित्र डाव्या खिळ्यावर गेले.

मी ते घर सोडून आता काही वर्षे झाली. परवा भेटायला गेले तेव्हा वरची खोली बघायला सिल्लोडकडचे एक तरुण जोडपे आले होते. सरांचे केस पांढरे झालेत, बाटली तीच, रेघा नव्याने रंगवलेल्या. त्यांनी भाडे सांगितले नाही. भिंतीकडे बोट करून विचारले, "यातला बिघडलेला कोणता, सांगा."

पूर्वी लोक जरा वेळ घेत. जवळ जात, मान तिरकी करत, कुणी उजवीकडचेही दाखवी. या मुलाने बसल्या जागेवरून सांगितले, "त्यात काय, काका. गोल केलाय की. हे तुमचं."

त्याची बायको मान हलवत होती. तिलाही तसेच वाटत होते.

 सरांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिले. काकू चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या, त्यांनी आधी पाहुण्यांना कप दिले, मग मला, मग सरांना.

"डोकं माझं आहे," त्या म्हणाल्या. "गोल कॉलेजचा."